हवेची गादी घ्यावी का? पाहुण्यांच्या झोपेबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात लहान घरातल्या सामानाबद्दल लिहिताना मी जाता जाता एक ओळ टाकली होती, की पाहुण्यांसाठी हवेची गादी बरी पडते, आले की फुगवायची आणि गेले की घडी करून कपाटात. बस, एवढंच. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आलेत की ह्या वेळचं सदर पूर्ण त्यातच गेलं. बऱ्याच जणांना कानबाईच्या, म्हणजे आपल्या खान्देशातल्या श्रावणातल्या सणाच्या, आधी काय ते ठरवायचंय, म्हणून लगेच घेतोय. सारखे प्रश्न होते ते एकत्र केलेत.

अमळनेरहून एक ताई विचारतात : आमचा टू बीएचके फ्लॅट आहे. यंदा कानबाई आमच्याकडे बसणार, सुरतहून मोठे दीर-जाऊ, पुण्याहून पुतण्या आणि त्याची बायको, शिवाय नणंदेकडचे, असे आठ-नऊ जण दोन रात्री मुक्कामाला. घरात एक पलंग, एक दिवाण आणि दोन कापसाच्या गाद्या. आमचे हे म्हणतात, ऑनलाइन डबल साइजची, आतच पंप असलेली एअर मॅट्रेस घेऊ, सहा हजारात बसेल. घ्यावी का? खरंच आराम मिळतो का नुसतं फॅड आहे?

ताई, घ्या. पण डबल घेऊ नका आणि आतल्या पंपाची तर अजिबात नको. त्याच पैशात दोन सिंगल घ्या आणि एक वेगळा पायाचा नाहीतर हाताचा पंप घ्या.

डबल का नको ते सांगतो. डबल गादीत हवा दोघांची मिळून एकच असते. आमच्याकडे एकदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहीण आणि मेहुणे आले होते, मेहुणे अंगाने चांगले भरभक्कम आणि बहीण पन्नास किलोची, मी मोठ्या हौसेने नवीन डबल गादी हॉलमध्ये फुगवून दिली. रात्री मेहुणे पाणी प्यायला उठले की बहीण खाली धप्प, ते परत येऊन बसले की ही वर उडायची आणि मग घरंगळत त्यांच्याकडे. सकाळी बघतो तर बहीण शेजारी फरशीवर चटई टाकून झोपलेली, तोंड हे एवढं! माहेरपणाला आलेल्या बहिणीला आपण फरशीवर झोपवली, हे मला आजपर्यंत ऐकावं लागतं. दोन सिंगल असल्या की हा प्रकारच नाही. एक हॉलमध्ये टाका, एक मुलांच्या खोलीत टाका, आणि एखादीला भोक पडलं तरी दुसरी शाबूत राहते. नवरा-बायकोला शेजारी शेजारी टाकून वरून एकच मोठी चादर घातली की कोणाला कळत पण नाही.

माप बघून घ्या. सिंगल म्हणून दोन मापं विकतात, एक साधारण 76 सेंटिमीटर रुंद आणि एक 99 सेंटिमीटर. 76 वाली म्हणजे अडीच फूट, त्यावर मोठ्या माणसाने कूस बदलली की हात खाली. 99 वाली सव्वातीन फूट होते, तीच घ्या. लांबी बहुतेक 191 सेंटिमीटर असते म्हणजे सव्वासहा फूट, आपल्याकडे पुरते. वजनाचा आकडा बॉक्सवर असतो, बऱ्याच सिंगलवर 136 किलो लिहिलेलं दिसेल. वरचा थर मखमलीसारखा असला पाहिजे, नुसतं चकचकीत प्लास्टिक असलेली स्वस्त मिळते पण त्यावर चादर टिकत नाही आणि हललं की फुगा घासल्यासारखा आवाज, मग शेजारच्याची पण झोप गेली. इंटेक्स, बेस्टवे ह्या नावांच्या साध्या सिंगल दीड-दोन हजाराच्या आसपास मिळून जातात, ऑफरमध्ये थोडं इकडेतिकडे. दोन सिंगल आणि एक पंप मिळून तुमच्या सहा हजारात आरामात बसतं, वर चादरीचे पैसे पण सुटतात.

आतला पंप बिघडला की अख्खी गादी भंगार, कारण ती बहुतेक वेळा त्या पंपानेच फुगते. शिवाय प्लग लागेल तिथेच गादी टाकावी लागते, आणि आपल्याकडे ऐन पाहुण्यांच्या वेळी लाइट जाते हे मी तुम्हाला सांगायला नको. आवाज पण मिक्सरसारखा, रात्री अकरा वाजता खालच्या मजल्यावरचे वर येतील. पायाचा पंप कधी पण चालतो, फार तर दहा मिनिटं पाय दुखतो, ते काम पुतण्याला द्या.

आता आरामाचं. नुसत्या हवेच्या गादीवर चादर टाकून झोपवलं तर आराम नाही मिळत, हे स्पष्ट सांगतो. श्रावणात दमट हवा असते, प्लास्टिकला घाम शोषता येत नाही, पाठ चिकचिकते. थंडीत उलटं, आतली हवा गार पडते आणि खालून गारवा चढतो, अंगावर दोन ब्लँकेट घेतली तरी पाठ गारच. दोन्हीवर उपाय एकच आणि तो तुमच्या घरात पडलेला आहे, जुन्या लुगड्याची गोधडी. गादी, त्यावर गोधडी, त्यावर सुती चादर. घाम पण शोषते, गारवा पण अडवते आणि प्लास्टिकचा आवाज पण बंद. मी तर म्हणेन घरात गोधडी नसेल तर हवेची गादी घेऊच नका.

एक अजून, ताई. मोठे दीर-जाऊ आलेत तर त्यांना पलंग द्या. हवेच्या गादीवर घरच्यांनी नाहीतर पुतण्यासारख्या तरुण मंडळींनी झोपायचं. साधी गादी जमिनीपासून 22-25 सेंटिमीटर असते, साठीच्या पुढच्या माणसाला तिच्यावरून उठताना हाताला आधार लागतो आणि गादीची कड तर दाबली की बसते, आधार कसला मिळतो! दुप्पट उंचीच्या मिळतात, 42-46 सेंटिमीटरच्या, पण त्या महाग आणि त्यांच्या कडेला बसलं की माणूस घसरतोच.

आणि कानबाईपुढे रात्रभर दिवा असतो, उदबत्त्या असतात. गादी त्या खोलीत टाकू नका. मच्छर कॉइल तर गादीपासून चार हात लांबच पाहिजे, एक ठिणगी उडाली की भोक पडलंच समजा.

धुळ्याहून एक भाऊ विचारतात : डिसेंबरमध्ये भरीत पार्टीला पुण्याचे मित्र येणार म्हणून एअर मॅट्रेस घेतली होती. रात्री टणक फुगवली, सकाळी मित्राची कंबर फरशीला टेकलेली. दुकानदार म्हणे माल चांगला आहे तुम्हाला वापरता येत नाही. तेव्हापासून तशीच पडून आहे. माल खराब होता का?

भाऊ, दुकानदाराने बोलायची पद्धत चुकवली, पण माल खराबच होता असं लगेच म्हणता येणार नाही. तीन कारणं असू शकतात आणि तुमच्या बाबतीत मला वाटतं तिन्ही एकत्र झाली.

पहिलं म्हणजे नवीन पीव्हीसी, म्हणजे गादीचं प्लास्टिक, ताणतं. पहिल्या दोन-तीन वेळा फुगवल्यावर कापड सैल होतं तसं ते थोडं थोडं वाढतं, जागा वाढली आणि हवा तेवढीच, की गादी मऊ. गळती नसतेच त्यात. म्हणून नवीन गादी पाहुणे यायच्या दोन दिवस आधी फुगवून ठेवायची, दुसऱ्या दिवशी परत थोडी हवा भरायची, नवीन प्लास्टिकचा वास पण तेवढ्यात उडून जातो.

दुसरं, थंडी. धुळ्याची डिसेंबर-जानेवारीतली पहाट तुम्हाला माहितीच आहे, पारा दहाच्या खाली जातो. समजा संध्याकाळी घरात 28-29 डिग्री होतं तेव्हा तुम्ही गादी भरली आणि पहाटे घरात 13-14 झालं, तर आतली हवा साधारण 5 टक्के आकसते. ऐकायला कमी वाटतं पण हवेच्या गादीत 5 टक्के म्हणजे टणक आणि लिबलिबीत ह्यातला फरक. ह्यात ना दुकानदाराचा दोष ना तुमचा. थंडीत झोपायच्या अगदी आधी, घर गार झाल्यावर, परत चार-सहा पंप मारायचे.

तिसरं कारण व्हॉल्व्ह, आणि दहापैकी सहा-सात तक्रारी मला वाटतं इथेच मिटतील. बऱ्याच गाद्यांना दोन झाकणं असतात, बाहेरचं मोठं हवा काढायला आणि आत एक छोटं भरायला. घाईत बाहेरचं नीट फिरत नाही, किंवा त्याच्या रबरात वाळूचा कण नाहीतर केस अडकलेला असतो. ओल्या फडक्याने पुसा, बोटाने रबर दाबून बसवा, मग आवळा.

एवढं करून पण बसली तर गळती शोधा. दिवसा टणक फुगवा, बादलीत भांड्याच्या साबणाचा फेस करा, स्पंजने आधी व्हॉल्व्हवर, मग शिवणीच्या कडांवर, मग खालच्या बाजूला लावत जा. जिथे बारीक बारीक बुडबुडे धरतील तिथे पेनने गोल करून ठेवा. मखमलीच्या बाजूला फेस जिरतो म्हणून तिथे बुडबुडे दिसत नाहीत, तिथे पंखा बंद करून ओला गाल जवळ न्यायचा, गार झुळूक लागते. बायको हसेल, हसू द्या.

आणि पुढच्या वेळी विकत घेतल्या दिवशीच फुगवून बघा हो. परत करायची मुदत थोडेच दिवस असते, लोक डबा तसाच माळ्यावर टाकतात आणि चार महिन्यांनी पाहुण्यांसमोर उघडतात.

भुसावळहून एक वाचक : उन्हाळ्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपतो. हवेची गादी गच्चीवर टाकली तर चालेल का? फुगवायला सायकलचा पंप आहे.

भुसावळच्या मे महिन्यात गच्चीवर? रात्री चालेल, दिवसा नाही. स्लॅब दिवसभर तापलेला असतो, रात्री दहापर्यंत अनवाणी पाय ठेववत नाही, अशा स्लॅबवर पीव्हीसी सरळ टाकलं की ते मऊ पडतं आणि शिवणी सैल होतात. आधी गच्चीवर पाणी मारा, स्लॅब निवू द्या, झाडून काढा, मग जाड सतरंजी आणि त्यावर गादी. झाडायचं विसरू नका, चपलेच्या तळाला घुसून आलेला बाभळीचा काटा गच्चीवर पडलेला असतोच कुठेतरी. हवा पूर्ण टणक भरू नका, तळहाताने दाबली की दोन-तीन इंच आत जाईल एवढीच. आणि सकाळी ऊन यायच्या आत खाली आणा. आठ-नऊ वाजेपर्यंत राहिली की आतली हवा तापून फुगते, कधी शिवण सुटते तर कधी वरचा-खालचा थर धरून ठेवणारी आतली पट्टी तुटून मधोमध टेंगूळ येतं, आणि टेंगूळ आलेली गादी जगात कोणी दुरुस्त करून देत नाही.

सायकलच्या पंपाचं म्हणाल तर गणित करून बघा. 99 सेंटिमीटरवाल्या सिंगल गादीत चारशे लिटरच्या आसपास हवा लागते. सायकलचा पंप एका दट्ट्याला पाव लिटर पण मुश्किलीने देतो, म्हणजे दीड हजाराच्या वर दट्टे. तोपर्यंत पाहुणे जागेच बसतील. तोंडाने फुगवायचा विचार पण सोडा, दीडशे-दोनशे मोठे श्वास लागतात, चक्कर येते आणि तोंडातली ओल आत जाऊन बुरशी धरते ते वेगळंच. गादीचा पंप वेगळाच मिळतो, कमी दाबाचा आणि जास्त हवेचा, तोच घ्या.

तसं माझं मत विचाराल तर उन्हाळ्यात गच्चीवर बाजेला तोड नाही. सुंभाच्या नाहीतर नवारीच्या बाजेला खालून वारा लागतो, हवेच्या गादीला खालून काहीच लागत नाही.

शहाद्याहून एक आई लिहितात : मुलगी बाळंतपणानंतर पहिल्यांदा माहेरी राहायला येतेय, बाळ पाच महिन्यांचं आहे, सिझेरियन झालेलं. दोघांना हवेच्या गादीवर झोपवू का? मऊ असते म्हणून विचारते.

नको. बाळाला अजिबात नको, दुपारच्या झोपेला पण नको.

मऊ आहे हाच धोका आहे ताई. बाळ पालथं झालं की नाक-तोंड त्या मऊ पृष्ठभागात रुततं आणि ह्या वयात त्याला मान वळवून सोडवून घेता येईलच असं नाही. शेजारी मोठं माणूस झोपलं की गादी त्याच्याकडे उतरते आणि बाळ त्या खळग्यात घरंगळतं, भिंत आणि गादीच्या फटीत पण अडकू शकतं. 15 महिन्यांच्या आतलं मूल हवेच्या गादीवर झोपवू नये अशी सूचना कित्येक गाद्यांवरच छापलेली असते, बारीक अक्षरात असते म्हणून आपण वाचत नाही. बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर उताणं झोपवा, तोंडाजवळ उशी-गोधडी काही ठेवू नका.

मुलीला पण नको. पोटावर टाके पडलेल्या बाईला इतक्या खालून आणि इतक्या हलणाऱ्या जागेवरून उठवायचं म्हणजे काय ते तुम्ही सांगा. पलंग मायलेकराच्या खोलीत लावा, तुम्ही आणि आजोबा बघून घ्या काय ते.

जळगावहून एक वहिनी : सासूबाईंना पाठीला जखम होऊ नये म्हणून मेडिकलवाल्याने एअर बेड सांगितला. पाहुण्यांची एअर मॅट्रेस घरात आहेच, तीच वापरली तर चालेल ना?

नाही चालणार वहिनी, नाव सारखं आहे पण काम वेगळं. मेडिकलमधल्या एअर बेडला फुगे किंवा नळ्यांचे कप्पे असतात आणि छोटा पंप दिवसरात्र चालू राहून आळीपाळीने काही कप्पे भरतो, काही रिकामे करतो, त्यामुळे एकाच जागी दाब राहत नाही. पाहुण्यांच्या गादीत दाब आहे तिथेच राहतो. आणि तो बेड असला तरी दर दोन तासांनी कूस बदलून द्यायचं काम सुटत नाही, डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. उलटं पण सांगून ठेवतो, तो मेडिकलचा बेड पाहुण्यांना टाकू नका, रात्रभर फुगे वरखाली होतात, पाहुणा घाबरतो.

चोपड्याहून एक भाऊ : गादीला बारीक भोक आहे, सापडलं पण. गावातल्या पंक्चरवाल्याने गरम पट्टी लावली तर भोक मोठंच झालं. एम-सील लावलं ते दुसऱ्या दिवशी निघालं. आता काय?

आता त्या पंक्चरवाल्याचा चहा पिऊन घरी या! ट्यूब रबराची असते, गादी पीव्हीसीची, गरम पट्टीने पीव्हीसी वितळतं. त्याचं सोल्युशन पण पीव्हीसीला नीट धरत नाही. एम-सील दगडासारखं होतं आणि गादी तर वाकणारी, म्हणून ते सुटणारच.

गादीच्या डब्यात एक छोटी पट्टी आलेली असते, नसेल तर व्हिनाइलचा गोंद आणि पीव्हीसीचा तुकडा मिळतो, पोहायचे टायर नाहीतर लहान मुलांचे फुगवायचे टब विकणाऱ्या दुकानात विचारा. हवा पूर्ण काढा. भोक मखमलीच्या बाजूला असेल तर ती मखमल आधी बारीक पॉलिश पेपरने घासून काढायची, खालचं गुळगुळीत प्लास्टिक दिसलं पाहिजे, नाहीतर पट्टी मखमलीला चिकटते आणि मखमलीसकट उचकटते. मेडिकलच्या स्पिरिटने पुसा, वाळू द्या, गोंद लावा, भोकाच्या चारी बाजूंनी इंचभर पुढे जाईल एवढी पट्टी बसवा आणि वर पाटा ठेवून रात्रभर सोडा. लगेच फुगवून बघायचा मोह होतो, तो आवरा, बारा तास तरी हात लावू नका. तुमचं भोक आता रुपयाएवढं झालं असेल तर पट्टी अजून मोठी घ्या, आणि शिवणीवर असेल तर मात्र पैसे वाचवा, शिवणीवरची पट्टी फार टिकत नाही.

चाळीसगावहून एक नाना लिहितात : तुम्ही हवेच्या गादीचं कौतुक केलं ते वाचून वाईट वाटलं. घरात कापूस पिकतो आणि खान्देशातली माणसं प्लास्टिकच्या फुग्यावर झोपणार? आमच्या वेळी पंधरा पाहुणे आले तरी गाद्या कमी पडल्या नाहीत.

नाना, पत्र आवडलं आणि तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य पण आहे. कापसाच्या गादीसारखी झोप हवेच्या गादीवर नाही, घाम शोषते, थंडीत ऊब देते, काटा लागला तर तिला काही होत नाही, आणि कडक झाली की पिंजून घ्यायची, परत नवी. कापूस तोच, फार तर खोळ नवीन. हवेच्या गादीचं आयुष्य नशिबावर, दोन-तीन वर्षं नीट गेली तरी खूप.

पण तुमच्या पंधरा पाहुण्यांच्या गाद्या कुठे राहायच्या ते आठवा. धाब्याच्या घरात मागच्या खोलीत कणगीशेजारी गाद्यांची चळत असायची, वर चादर टाकलेली, आम्ही पोरं त्यावर चढून उड्या मारायचो. आता मुलगा नाशिकला सहाशे स्क्वेअर फुटात राहतो, त्याने ती चळत कुठे ठेवायची? कापसाची एक सिंगल गादी दहा-बारा किलोची, गुंडाळली तरी अर्धं कपाट खाते. हवेची गादी दोन-तीन किलोची, घडी केली की साडीच्या खोक्याएवढी. बाकी तिची काही लायकी नाही.

म्हणून माझा हिशोब असा आहे. गावाकडे घर आहे, जागा आहे आणि पाहुणे वर्षातून पाच-सहा वेळा येतात, तर सरळ पिंजाऱ्याकडे जा, कापूस भरून दोन गाद्या करून घ्या, हवेच्या नादी लागूच नका. फ्लॅट आहे आणि पाहुणे वर्षातून एक-दोनदा, एक-दोन रात्री येतात, तर हवेची. मधल्यांसाठी तीन घड्यांची फोमची गादी पण असते, ती हवेपेक्षा भरवशाची आणि कापसापेक्षा हलकी, पण स्वस्तातली घेतली तर वर्षभरात फोम बसतो, जाडी चार इंचाच्या खाली घेऊ नका. नाशिकच्या मुलाकडे जाल तेव्हा तो तुम्हाला हवेच्या गादीवर झोपवत असेल तर मला कळवा, त्याला मी पत्र लिहितो.

यावलहून : उंदीर कुरतडतात का?

कुरतडतात. खाण्याच्या वासाने जास्तच. गादी पुसून, एक दिवस सावलीत पूर्ण वाळवून, थोडी टाल्कम पावडर मारून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली तर खोकं आणि गादी दोन्ही जाईल. घडी दर वेळी त्याच रेघेवर घालू नका, तिथेच चीर पडते.

पाचोऱ्याहून एक मावशी : पाहुण्यांना सांगावं का की ही हवेची गादी आहे? उगाच सांगितलं तर कमीपणा वाटतो, आपल्याकडे नीट गादी पण नाही असं.

सांगा मावशी, नक्की सांगा, कमीपणा कसला त्यात. आणि सांगताना हे पण सांगा की गादीवर धपकन बसायचं नाही, मधोमध बसून मग आडवं व्हायचं, पोरांनी उड्या मारायच्या नाहीत, आणि झोपताना खिसे रिकामे करायचे. मी एकदा नाही सांगितलं. माझे एक मामा, सत्तरीचे, साक्रीकडच्या एका खेड्यातून दवाखान्याच्या कामाने आले होते. वर मी एवढं पलंगाचं तत्त्वज्ञान सांगितलं, पण तेव्हा मला ते सुचलेलं नव्हतं, मामांना हवेच्या गादीवरच झोपवलं, वर गोधडी, वर धुतलेली चादर, त्यांना वाटलं साधीच गादी. मामा झोपले ते बंडीसकट, बंडीच्या खिशात चंची आणि चंचीत अडकित्ता. रात्री अडीचच्या सुमाराला मला हलवून उठवलं, स्वतः जमिनीला टेकलेले आणि दोन्ही बाजूंनी गादी वर आलेली, होडीत बसल्यासारखे, पण आवाज एकदम शांत.

"भाचा, ऊठ. हाई गादी श्वास ली ऱ्हायनी."

कान लावला तर खरंच, सूं सूं चालू होतं. मामांना माझ्या पलंगावर झोपवलं आणि मी उरलेली रात्र गोधडी घेऊन फरशीवर काढली. त्या गादीला डाव्या बाजूला आजही एक चौकोनी पट्टी आहे, आणि मामा आले की आधी अडकित्ता टीव्हीवर काढून ठेवतात, मग विचारतात झोपायचं कुठे.